नारळाचं पाणी आणि गरम काच

माझ्याबद्दल शिरूरच्या आमच्या चर्चच्या मंडळीत एक गोष्ट सांगतात आणि दौंडकडच्या ज्या गावात मी शिकवत होते तिथं दुसरी. मंडळीत सांगतात, हिनं भर समारंभात मूर्तिपूजेला नकार दिला. गावात सांगतात, हिनं भर समारंभात पूजा मोडली. दोन्हीकडचे लोक एकाच सकाळबद्दल बोलतात आणि दोन्हीकडचे साफ खोटं बोलतात. कुणाचा राग जास्त करावा हे मला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून मी दोघांचाही करते.

मी त्या गावच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायचे, पण तासिकेवर. तासिकेवरची बाई म्हणजे शाळेची आणि शाळेची नाही. हजेरीपटावर नाव सगळ्यात खाली, तेही पेन्सिलीनं. सहलीला मुलांच्या ओकाऱ्या काढायला तुम्ही, आणि सहलीच्या फोटोत मात्र कडेला अर्ध्या. रोज सकाळी शिरूरहून न्हावऱ्याच्या रस्त्यानं स्कूटीवर निघायचं, उसाच्या ट्रॉल्यांमागची धूळ खायची, शाळेत पोचून तोंड धुवायचं आणि प्रार्थनेला उभं राहायचं. अशी वर्षं गेली. मग विज्ञानाचे कायमचे सर निवृत्त झाले, जागा रिकामी झाली, आणि मला पहिल्यांदा वाटलं की आता आपलं नाव शाईनं लिहिलं जाईल.

संस्थेचे अध्यक्ष गावातलेच. त्यांना सगळे आबा म्हणायचे, मीही म्हणायचे. शाळेला स्वतःची जमीन दिलेला माणूस. आडदांड, पण मनानं वाईट नव्हे, हे मला आजही लिहावं लागतं. एकदा ते स्टाफरूममध्ये आले, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "बाई, औंदा तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आपल्याच शाळंत हाय. आपल्या शाळंचा नंबर आना. पुढच्या मीटिंगला तुमचं नाव मी घेतो. शब्द देतो." मुख्याध्यापक शेजारी उभे होते. त्यांनी मान हलवली. आबा बोलले की त्यांची मान आपोआप हलायची.

प्रदर्शनात काय असतं ते सांगायला नको. हिरवा रंग दिलेल्या भुश्शाचं शेत, निळ्या जिलेटिनची नदी, वर पाटी 'पाणी वाचवा'. नाहीतर पुण्यातल्या दुकानातून तयार आणलेला ज्वालामुखी, ज्याच्या तळाला दुकानाची चिठ्ठी तशीच असते. मला त्याचा वीट आला होता. मी ठरवलं, गरम हवेवर चालणारी गाडी करायची. पेट्रोल नाही, वीज नाही, वाफसुद्धा नाही. नुसती कोंडलेली हवा. ती तापली की फुगते, गार झाली की आकसते. हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत लिहिलेलं असतं आणि मुलं ते पाठ करतात. मला ती ओळ चाकावर पळताना दाखवायची होती.

दहावीच्या चार मुली मदतीला घेतल्या. आमची प्रयोगशाळा म्हणजे अर्धी खिचडीच्या तांदळाची कोठी आणि अर्धी खेळाच्या सामानाची. पोती एका बाजूला सारली आणि कामाला लागलो. जाड काचेची एक परीक्षानळी घेतली. तिच्या आत भांडी घासायच्या तारेची गुंडाळी, सैलसर, मागं-पुढं सरकेल अशी. नळीचं बंद टोक तापवायचं, उघडं टोक बुचानं बंद करून ओल्या फडक्याच्या पट्टीनं गार ठेवायचं. तारेची गुंडाळी गार बाजूला सरकली की हवा गरम बाजूला जाते आणि फुगते, गुंडाळी उलटी फिरली की हवा गार होऊन आकसते. ते फुगणं-आकसणं एका काचेच्या सिरिंजच्या दांड्याला ढकलतं नि ओढतं, आणि दांडा चाक फिरवतो. प्लॅस्टिकची सिरिंज चालत नाही, ती अडकते. काचेची आता मिळत नाही. शेवटी आमच्या गल्लीतल्या गुरांच्या डॉक्टरांनी कपाटाच्या तळातून एक काढून दिली आणि म्हणाले, "हिनं किती म्हशींना टोचलंय याचा हिशेब न्हाई. जपून वापरा."

सायकलची तार वाकवून दोन क्रँक केले, एक गुंडाळी सरकवायला, एक सिरिंजच्या दांड्याला, दोन जुन्या सीडी चिकटवून जड चाक केलं, बरण्यांच्या झाकणांना ट्यूबची पट्टी लावून गाडीची चाकं केली. आणि गाडी चालेना. बुचातून हवा गळायची. गळती थांबली तर सिरिंज जड. सिरिंजमध्ये शिलाई मशीनचं तेल घातलं तर ती आणखी जड, गुळात हात घातल्यासारखी. तेल पुसून पेन्सिलीच्या शिशाची पूड लावली, तेव्हा दांडा स्वतःच्या वजनानं घसरायला लागला. चौघींपैकी एक फार हुशार होती. तिच्या एकदा लक्षात आलं की आमचे दोन्ही क्रँक एकाच दिशेला बसवलेत. "मॅडम, दोघं एकदम थांबतात. एक मध्यावर असताना दुसरं टोकाला पायजे ना?" पायजेच होतं. मी तार वाकवून पाव फेऱ्यानं मागं घेतली, दिवा लावला, चाकाला बोटानं टिचकी दिली, आणि ते फिरत राहिलं. टिक टिक टिक टिक, दमानं, कुणीही न ढकलता. मी ओरडले. खरोखर ओरडले. शेजारच्या वर्गातले सर धावत आले, त्यांना वाटलं तांदळात साप निघाला. इतका आनंद मला नोकरीच्या त्या सगळ्या वर्षांत एकदाच झाला, आणि तो मी कुणासाठीही सोडायला तयार नाही.

मग मी मुलींना गाडीपेक्षा जास्त वेळ नियम शिकवले. स्पिरिटचा दिवा अर्ध्यावर भरायचा, आणि तोही विझून गार झाल्यावरच. दिवा फरसाणाच्या डब्याच्या झाकणात खिळवलेला, म्हणजे गाडी धडकली तरी कलंडणार नाही. स्पिरिटची बाटली दुसऱ्या खोलीत. वेण्या वर बांधलेल्या, ओढण्या काढून ठेवलेल्या. हाताशी ओलं पोतं आणि वाळूची बादली. बघणाऱ्यांनी खडूच्या रेघेच्या पलीकडं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तापलेल्या टोकाला ना बोट लावायचं, ना पाण्याचा थेंब, कारण गरम काच आणि गार काच दिसायला अगदी सारखीच असते. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की वरचा थर एकदम आकसतो, आतला आकसत नाही, आणि काच तडकते. हे त्या हुशार मुलीनं स्वतःच्या अक्षरात मोठ्या तक्त्यावर लिहिलं. खाली आकृती काढली. मी तिला दोनदा विचारलं, तिनं दोन्ही वेळा न अडखळता सांगितलं.

पूजेचं मला वावडं नव्हतं, हे आधीच सांगते. आम्ही शिरूरच्या जुन्या मिशनच्या आवारातले, पिढ्यानपिढ्या ख्रिस्ती, घरात एकमेकांना सलाम म्हणणारे. पण दसऱ्याला प्रयोगशाळेच्या तराजूला झेंडूची माळ मीच घालायचे, कारण दुसरं कुणी घालत नसे. गावात नवीन ट्रॅक्टर येवो, बोअरची मोटार येवो, हार्वेस्टर येवो, त्याला कुंकू लागतं, चाकाखाली लिंबू चिरडतं, नारळ फुटतो आणि नारळाचं पाणी यंत्रावर शिंपडतात. गाडीचीही पूजा होणार हे मला ठाऊक होतं. म्हणून मी आदल्या दिवशी मुख्याध्यापकांना गाठलं. "सर, पूजा आधी करू. गाडी गार असताना. मग दिवा लावते." "अगदी, अगदी," ते म्हणाले. "आधी पूजा, मग प्रयोग."

शुक्रवारी सकाळी सगळी शाळा पताकांनी मढवलेली. आमचं टेबल दाराशीच. आबांची जीप फाटकात दिसली आणि मुख्याध्यापक पळत आले. "पेटवा, पेटवा! आबा आले की गाडी पळाली पायजे. त्यांना ताटकळत ठेवू नका." मी म्हटलं, "पण पूजा?" तोवर ते फाटकाकडे गेलेसुद्धा. मी दिवा लावला. आता वाटतं, नसता लावला तर? पण तासिकेवरची बाई मुख्याध्यापकांना नाही म्हणत नाही.

फाटकात लेझीम झालं. मग औक्षण, मग सत्कार, मग सरपंचांचा सत्कार, मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. इकडे नळीचं टोक तापून तापून काळवंडलं. विझवू का म्हणून निरोप पाठवला, तर उत्तर आलं, विझवू नका, परत पेटला नाही तर पंचाईत होईल. शेवटी आबा आले. मी गाडी ठोकळ्यावरून खाली टेकवली आणि ती पळाली. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, टिकटिकत, कुणाचाही हात न लागता. आबांचं तोंड लहान पोरासारखं उघडं राहिलं. "आयला, हवंवर पळती ही? नुसत्या हवंवर?" त्यांनी ती तीनदा पळवायला लावली. मनात म्हटलं, झालं, आता आपण शाईनं.

मग ते म्हणाले, "आन् हिची पूजा न्हाई क्येली?"

ताट तयार होतंच. कुंकू लागलं. फूल ठेवलं. कुणीतरी चाकापुढं लिंबू ठेवलं, ते चाकापेक्षा मोठं होतं, त्यामुळे गाडी त्याला धडकून जागच्या जागी थरथरत राहिली आणि लोक हसले. मीही हसले. दिवा विझवला, पण दिवा विझला म्हणून काच गार होत नाही. आबांनी दगडावर नारळ फोडला आणि करवंटी घेऊन गाडीकडे वळले.

"आबा, पाणी नका टाकू. काच तापलीय, फुटेल."

"मगाशी तुमीच तर वलं फडकं लावत व्हता."

"ते दुसऱ्या टोकाला, आबा. ते गार ठेवायचं टोक."

"एकाच गाडीला एका टोकाला चालतं आन् दुसऱ्या टोकाला चालत न्हाई?"

लोक पुन्हा हसले. आबाही हसत होते. इथं दोन वाक्यं मला मिळाली असती तर सगळं निभावलं असतं. पण मुख्याध्यापक पुढं सरसावले. मला वाचवायलाच, असं ते नंतर म्हणत राहिले. "आबा, बाईंच्यात चालत न्हाई हो पूजाबिजा. ख्रिश्चन हायेत न्हवं त्या. तुमी मनावर घेऊ नगा."

हसणं थांबलं. आबांचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत बदलला. मी म्हटलं, "तसं काही नाही, आबा, खरंच काच—" पण आता काचेचं कुणाला ऐकायचं होतं? "कुनाच्यात काय चालतं त्ये ज्यानं त्यानं घरी बघायचं," ते शांतपणे म्हणाले. "ही शाळंची गाडी हाय." आणि त्यांनी करवंटी कलती केली. रेघ केव्हाच पुसली गेली होती, पोरं टेबलाला चिकटून उभी होती, त्यांची तोंडं बरोब्बर नळीच्या उंचीला. मी आबांचं मनगट धरलं.

भर समारंभात, तासिकेवरच्या बाईनं, अध्यक्षांचं मनगट. लोकांच्या ध्यानात एवढंच राहिलं. हिसक्यानं पाणी तरीही सांडलं, पण मी हात आमच्याकडे ओढला होता, म्हणून पाणी नळीच्या आमच्याकडच्या बाजूवर पडलं आणि काच आमच्याच बाजूला उडाली. टक्क असा आवाज आला. एक तुकडा आबांच्या बोटाला लागला, दोन माझ्या कोपराला. मुली मी शिकवल्याप्रमाणे ओलं पोतं घेऊन पुढं आल्या आणि टेबल झाकलं. एकाही पोराला खरचटलं नाही. आबांच्या पांढऱ्या बाहीवर रक्ताचा ठिपका उमटला, आणि मागून बायांमधून कुणीतरी म्हणालं, "अपशकुन केला गं बाई."

नंबर दुसऱ्या कुठल्यातरी शाळेच्या ज्वालामुखीला गेला.

रविवारी उपासनेला गेले तर बातमी माझ्याआधी पोचलेली. माझे वडील मंडळीत पंच. आयुष्यभर त्यांनी माझ्या विज्ञानाकडे ढुंकून बघितलं नाही. 'काय त्या नळ्या-बाटल्या' एवढीच त्यांची नजर. त्या दिवशी त्यांचे डोळे भरून आले होते. पाळकसाहेबांनी मला पुढं बोलावलं आणि संकटातही विश्वासात स्थिर राहिलेली बहीण म्हणून माझ्यासाठी प्रार्थना केली. मी प्रार्थना संपेपर्यंत कळ काढली. मग स्पष्ट म्हटलं, "साहेब, मी देवासाठी काही केलं नाही. काच गरम होती." मग पाळकसाहेब मंडळीकडे वळून म्हणाले, "बघा, किती नम्र आहे." आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी येताना पप्पा रस्ताभर लोकांचे सलाम घेत होते.

सोमवारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. दार लावलं, चहा मागवला. म्हणजे काहीतरी कडू पाजायचं होतं. "आबा मोठ्या मनाचे आहेत. नंबर गेला तरी त्यांनी शब्द मागं घेतलेला नाही. उद्या प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर तुमच्या हातानं एक नारळ फोडा. विषय संपला. मीटिंगला तुमचं नाव जातंय." मी रात्रभराचा वेळसुद्धा मागितला नाही. म्हटलं, फोडते. नारळच तो. त्याच्याशी माझं कधीच भांडण नव्हतं. "फक्त एक," मी म्हटलं. "फोडायच्या आधी मुलांना एक प्रश्न विचारू द्या. नळी का फुटली एवढाच. उत्तर मुलं देतील, मी नाही." त्यांनी थोडा विचार केला आणि मान हलवली.

घरी पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "आता मंडळीत कुठल्या तोंडानं जाऊ?" मी म्हटलं, "माझ्या पोटापाण्याचं तुमच्या तोंडाशी काय घेणं?" असं बोलायला नको होतं वगैरे मी म्हणणार नाही. त्या आठवड्यात माझ्याशी दोन शब्द खरे बोलणारं घरीदारी कुणी नव्हतं.

मंगळवारी सगळी शाळा मैदानात. ओट्यावर आबा खुर्चीवर, बोटाला पट्टी. शेजारी टेबलावर नारळ. मी नारळ हातात घेतला आणि मुलांकडे वळले. "शुक्रवारी आपल्या गाडीची नळी का फुटली? कोण सांगेल?"

एकही हात वर येईना. चौघींपैकी तिघी खाली बघत होत्या. मग मी त्या हुशार मुलीकडे बघितलं. ती उभी राहिली. मला बरं वाटलं. वाटलं, आता ही सांगणार, थराथरानं, आकृतीसकट, आणि मग मी शंभर नारळ फोडायला मोकळी. तिनं माझ्याकडे बघितलं. मग ओट्याकडे. मग फाटकाकडे, जिथं आबांची जीप उभी होती आणि जीपला टेकून तिचे वडील, आबांचे ड्रायव्हर. मग पाठ म्हणावं तशा स्पष्ट, खणखणीत आवाजात ती म्हणाली, "बाईंनी पूजेत आबांचा हात धरला म्हणून."

"बरोबर," मुख्याध्यापक म्हणाले. "बस खाली."

मी नारळ टेबलावर ठेवला. मुख्याध्यापक दात न उघडता म्हणाले, "बाई, फोडा आता." मी म्हटलं, "उत्तर बरोबर आलं ना, सर? मग नारळ कशाला?" आबा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेत राग नव्हता, थोडं आश्चर्य होतं. एवढ्याशा गोष्टीसाठी ही बाई जागा घालवते, हे त्यांना पटत नव्हतं. मलाही तेव्हा नीट पटत नव्हतं. पण ते उत्तर ऐकल्यावर तो नारळ फोडणं म्हणजे त्या उत्तराखाली माझी सही करणं होतं. पुढच्या मीटिंगमध्ये ठराव झाला, नाव दुसऱ्याचं होतं, आणि माझ्या तासिकाही थांबल्या. आता मी शिरूरला घरी शिकवण्या घेते.

त्या मुलीवर मी कधी रागावले नाही. घरातली चूल कुणाच्या जीपवर पेटते हे तिला ठाऊक होतं. प्रश्न मी विज्ञानाचा विचारला होता, पण ओट्यावरून विचारला होता, आणि ओट्यावरच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं असतं हे ती त्या वयात शिकली होती. मला तोवर कळलेलं नव्हतं.

त्या मंगळवारी प्रार्थनेनंतर पहिला तास दहावीचाच होता. मी वर्गात गेले. सगळे उठले, तीही उठली, "गुड मॉर्निंग, मॅडम" म्हणाली आणि सगळ्यांबरोबर खाली बसली. मी फळा पुसला आणि शिकवायला लागले. काय शिकवलं ते मला आठवत नाही. ती मात्र पहिल्या बाकावर मान खाली घालून माझा शब्द न् शब्द उतरवून घेत होती.